भरून येणं

"शिरेच्या आत मांस भरलंय, त्यामुळे रस्ता अरुंद झालाय," सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवत डॉक्टर म्हणाले. आई पडल्या पडल्याच म्हणाली, "भरलंय ना? मग बरं झालं की."

तिचं काही चुकलं नव्हतं. जखम भरते, कणीस भरतं, पावसाने विहीर भरते, बाळंतिणीचं अंग भरून येतं. एकाहत्तर वर्षांत या शब्दाने तिला कधी दगा दिला नव्हता. मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. "घरी गेल्यावर सांगते," मी आईला म्हणाले. घरी सांगायला बसले तेव्हा कळलं की मलाच ते नीट माहीत नाही. गेली दोन-अडीच वर्षं मी ते शिकते आहे. कॉलेज सुटल्यावर, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर, फोनवर शोधनिबंध उघडून.

आईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडल्याला चार वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास डायलिसिस. मशीनला मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलीटर रक्त लागतं. हातावरच्या साध्या शिरेतून एवढं रक्त येत नाही, आणि खोल असलेल्या धमनीत आठवड्याला तीनदा जाड सुई खुपसत राहणं शक्य नसतं. म्हणून मनगटापाशी धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात. धमनीचं जोरदार रक्त वरच्या शिरेत घुसतं, शीर फुगते, आणि सुई टोचायला जागा मिळते. याला सगळे फिस्टुला म्हणतात. डायलिसिसच्या खोलीत पेशंटला उजवा-डावा हात नसतो. फिस्टुलाचा हात असतो आणि दुसरा हात असतो. फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजायचं नाही, सलाईन लावायचं नाही, त्या हाताने बादली उचलायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, घट्ट काही घालायचं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईने डाव्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. बाबा समोर खुर्चीवर बसले होते. काढल्या म्हणायचं नसतं, वाढवल्या म्हणायचं. तो शब्द तिने दोनदा, मुद्दाम मोठ्याने उच्चारला.

त्याच हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, तिचं गोंदण आहे. तुळशीचं रोप, खाली वृंदावनाची चौकट. नंदुरबारला माहेरी असताना, ती आठ वर्षांची होती तेव्हा, दारावर आलेल्या बाईकडून आजीने ते गोंदवून घेतलं. टाक्यांची खूण बरोबर वृंदावनाच्या खाली आली.

फिस्टुला चालू आहे की नाही हे हात लावून कळतं. जोडावर बोटं ठेवली की कातडीखाली सतत थरथर जाणवते, कान लावला तर घुमल्यासारखा आवाज येतो. डॉक्टर थ्रिल म्हणतात. आई म्हणाली, "माझ्या हातात घरोट फिरतंय." खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. तिला तो आवाज ओळखीचा होता. पहाटे अंथरुणात पडून आपल्या आईचं दळण ऐकत ती लहानाची मोठी झाली. आता रात्री हात उशीजवळ घेऊन ती स्वतःचं दळण ऐकायची. ते मंदावलंय हे डॉक्टरांच्या आधी तिलाच कळलं. "घरोट जड झालंय," ती म्हणाली. पुढच्याच खेपेला मशीन पुन्हा पुन्हा वाजू लागलं, पंप दोनशेच्या वर जाईना, आणि टेक्निशियन मुलगा म्हणाला, "मावशी, एकदा डॉपलर करून घ्या." डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी.

असा जोड पहिल्यांदा केला तो न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, फेब्रुवारी १९६५ मध्ये. जेम्स सिमिनो आणि मायकेल ब्रेशिया या डॉक्टरांची ती कल्पना, आणि टाके घातले सर्जन केनेथ अपेल यांनी. पुढच्या वर्षी ते काम छापून आलं. त्याआधी, १९६० पासून, सिअ‍ॅटलचे बेल्डिंग स्क्रिबनर टेफ्लॉनची नळी हाताबाहेर ठेवून धमनी आणि शीर जोडत. त्या नळीमुळे कायमचं डायलिसिस पहिल्यांदा शक्य झालं, पण नळी बाहेरची होती; जंतू शिरायचे, रक्त गोठायचं. ब्रॉंक्समधल्या लोकांनी बाहेरचं काहीच वापरलं नाही. शरीराचीच धमनी, शरीराचीच शीर. साठ वर्षं झाली तरी यापेक्षा चांगली सोय सापडलेली नाही.

या जोडात शिरेकडून जी मागणी होते ती फार मोठी आहे. शिरेत रक्ताचा दाब जेमतेम पाच-दहा मिलिमीटर पारा असतो, धमनीत सरासरी नव्वद-शंभर. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला वीस-तीस मिलिलीटर रक्त जातं. जोड पक्का झाला की त्याच वाटेने पाचशे-सहाशे जायला लागतं. पातळ, मऊ भिंतीची शीर एका दिवसात पुराच्या तोंडाशी उभी केली जाते. तिने फाटू नये, पसरावं आणि भिंत जाड करावी, अशी अपेक्षा असते. याला फिस्टुला पिकणं म्हणतात. आईला दाबायला पिवळा, हसऱ्या तोंडाचा रबरी चेंडू दिला होता. मालिका बघत बघत ती सहा आठवडे तो दाबत राहिली.

म्हणजे भिंत जाड होणं हे आम्हाला हवंच होतं. आई चेंडू दाबत ज्याची वाट बघत होती तेच, जोडाजवळच्या दोन सेंटिमीटरांत, गरजेपेक्षा जास्त झालं. बाहेरच्या बाजूने पसरायच्या ऐवजी भिंत आत, रक्ताच्या वाटेत वाढली. हे ज्या दिवशी उमजलं त्या दिवसापासून मला तो भराव शत्रू वाटेनासा झाला.

हे भरण्याचं काम मुख्यतः एकाच पेशीचं. इंग्रजीत स्मूथ मसल सेल, आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकात गुळगुळीत स्नायू. रक्तवाहिनीच्या मधल्या थरात ती वाहिनीभोवती कडी करून राहते, आखडते, सैलावते, वाहिनीचा व्यास सांभाळते. निरोगी माणसात ती क्वचितच विभागते. हृदयाचा स्नायू किंवा दंडाचा स्नायू एकदा घडला की घडला; त्याला मागे फिरता येत नाही. या पेशीने ती वाट बंद केलेली नाही. जखम झाली की ती आखडण्याचं काम खाली ठेवते, आकुंचनाची प्रथिनं बनवणं थांबवते, आकार बदलते, विभागायला लागते, सरकत जखमेपाशी जाते आणि आजूबाजूला भराव घालते. काम झालं की पुन्हा जुन्या रूपात परतू शकते. १९७९ मध्ये ज्युली चॅमली-कॅम्पबेल, गॉर्डन कॅम्पबेल आणि रसेल रॉस यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा हा रूपपालट सविस्तर मांडला. एकच पेशी, तेच डीएनए. फरक पडतो तो त्यातली कोणती पानं वाचली जातात याने.

रसेल रॉसही सिअ‍ॅटलचे. त्यांचा १९७४ मधला प्रयोग मी आता दरवर्षी बारावीच्या वर्गात सांगते, अभ्यासक्रमात नसला तरी. माकडाच्या धमनीतल्या या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या तर पोषणद्रवात सीरम घालावं लागे. सीरम म्हणजे रक्त गोठू दिल्यावर उरणारं पाणी. रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बशीत वेगळा द्रव घातला: न गोठलेल्या रक्तातून सगळ्या पेशी आधीच काढून टाकून उरलेल्या प्लाझ्मापासून बनवलेला. पेशी जिवंत राहिल्या, पण वाढल्या नाहीत. मग त्यात प्लेटलेटमधला अर्क मिसळला, आणि पेशी विभागायला लागल्या. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या त्या इवल्या चकत्या ज्या जखम झाली की तिथे चिकटतात आणि फुटतात. त्यांच्या पोटात एक निरोप भरलेला असतो. पुढे तो निरोप वेगळा काढला गेला आणि त्याला पीडीजीएफ, म्हणजे प्लेटलेटमधून येणारं वाढीचं प्रथिन, असं नाव पडलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बाकावरच थांबून राहिले. किती दशकं प्रयोगशाळांमधून पेशी सीरमवर वाढवल्या जात होत्या, सीरम हे जणू त्यांचं साधं जेवण. पण शरीरात सीरम कधी तयार होतं? रक्त सांडून गोठतं तेव्हा. बशीतल्या पेशीला सीरम लागलं की तिच्यापुरती ती जखमेत उभी असते. निरोगी वाहिनीतल्या पेशीला हा निरोप मिळतच नाही, कारण आतलं नाजूक अस्तर शाबूत असतं आणि प्लेटलेट त्यावरून नुसत्या वाहून जातात.

फार काळजीने पोहोचवायचा निरोप आहे हा. १९८३ मध्ये माकडांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूतलं सिस नावाचं जनुक तपासलं गेलं, तेव्हा ते पीडीजीएफच्याच एका साखळीशी जुळलं. जखम नसताना, न थांबता तोच निरोप देत राहिलं की गाठ होते.

निरोप पेशीच्या दारावर येतो. तो आत, केंद्रकात, जनुकांपर्यंत कसा जातो हे समजून घेणं माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं. जनुकांचं नियमन मी बावीस वर्षं शिकवते आहे, पण जिवाणूच्या उदाहरणाने. ई. कोलाय, लॅक्टोज, दमनकारी प्रथिन बसलं की जनुक बंद, उठलं की चालू. जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेलं हे चित्र मी फळ्यावर इतक्यांदा काढलंय की हात आपोआप चालतो. सुंदरच आहे ते. माझ्या आईच्या शिरेत मात्र मामला दिव्याच्या बटणासारखा नव्हता.

तिथे एक प्रथिन आहे, एसआरएफ. ब्रिटनमध्ये रिचर्ड ट्राइझमन १९८०च्या दशकात सीरम घातल्याबरोबर पेशीत कोणतं जनुक जागं होतं याचा शोध घेत होते. त्यातून हे प्रथिन पुढे आलं. त्याच्या नावातलं पहिलं अक्षर सीरमचंच. डीएनएवर दहा अक्षरांची एक छोटी ओळ ते ओळखतं: दोन सी, मधे ए आणि टी यांची सहा अक्षरं, शेवटी दोन जी. गंमत अशी की ही ओळ वाढीच्या जनुकांजवळही आहे आणि आकुंचनाच्या जनुकांजवळही. तेच प्रथिन, तीच ओळ, आणि कामं एकमेकांच्या विरुद्ध. मग ठरवतं कोण?

ते ठरतं जोडीदारावर. डॅलसला एरिक ऑल्सन यांच्या गटाला २००१ मध्ये मायोकार्डिन नावाचं प्रथिन सापडलं. ते एसआरएफच्या जोडीला असलं की आकुंचनाची जनुकं वाचली जातात आणि पेशी स्नायू म्हणून राहते. २००४ मध्ये त्याच गटाने दुसरा जोडीदार दाखवला, एल्क-१. पीडीजीएफचा निरोप आला की एल्क-१ वर फॉस्फेट चढतं आणि ते एसआरएफला येऊन धरतं. धरायची जागा दोघांना एकच. फुगडीत एकीचे हात एकीच्याच हातात असतात, तसं. एल्क-१ ने हात धरले की मायोकार्डिन सुटतं. स्नायूची जनुकं मंदावतात.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग मायोकार्डिन कुठे जातं?" मला हा प्रश्न फार आवडला. पेशीत ते असतंच, पण जखमेनंतर ते बनवणंही कमी होतं. त्यामागे आणखी एक प्रथिन आहे, केएलएफ४. निरोगी वाहिनीत ते जवळपास नसतं. जखम झाली की झपाट्याने वाढतं, मायोकार्डिनला दाबतं, आणि आकुंचनाच्या जनुकांजवळ अशी प्रथिनं घेऊन येतं जी तिथला डीएनएचा गुंडाळा घट्ट आवळून टाकतात. पान फाडत नाहीत, वही मिटून ठेवतात. मोठ्या झालेल्या पेशीला पुन्हा गर्भातल्यासारखी कोवळी करणारी जी चार प्रथिनं शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवली, त्यातलं हे एक. आईच्या मनगटात ते अर्ध्याच वाटेपर्यंत जातं.

मला वाटलं, सापडला. हेच काढून टाकलं की झालं. अमेरिकेत व्हर्जिनियाला गॅरी ओवेन्स यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये नेमकं तेच केलं, २००८ मध्ये छापून आलं. केएलएफ४ काढून टाकलेल्या उंदरांच्या मानेतल्या धमनीला इजा केली. आकुंचनाची जनुकं बंद व्हायला अपेक्षेप्रमाणे उशीर लागला. पण नंतर आतला थर उलट जास्त जाड झाला. केएलएफ४ पेशीला तिचं काम विसरायला लावतं आणि त्याच वेळी विभागणीला लगामही घालतं. लगाम गेला. त्याच गटाने २०१५ मध्ये चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या धमन्यांमध्ये हाच प्रयोग केला, तिथे केएलएफ४ काढल्यावर थर लहान झाले. एका जखमेत एक उत्तर, दुसऱ्या जखमेत दुसरं. हे दोन निबंध मी एकाच आठवड्यात वाचले आणि मला आनंद झाला. कारण नीट सांगता येत नाही. कदाचित खलनायक शोधायची माझी घाई त्यांनी थांबवली म्हणून असेल.

सिअ‍ॅटलच्याच अलेक्झांडर क्लाउझ यांनी १९८३ मध्ये उंदीरजातीच्या प्राण्यांत या सगळ्याचं वेळापत्रक मांडलं होतं. फुग्याने धमनी खरवडली की दोन दिवसांत मधल्या थरातल्या पेशी विभागू लागतात. दोन आठवड्यांत आतला नवा थर भरतो. त्यानंतर पेशींची संख्या फारशी वाढत नाही, त्यांनी बाहेर टाकलेला भराव वाढत राहतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांच्या पेशींना वेगवेगळे रंग देऊन आणखी एक गोष्ट दाखवली: नव्या थरातल्या पेशींची गर्दी मूळच्या थोड्याच पेशींची संतती असते. बाकीच्या जागच्या जागी राहतात.

आईच्या जोडावर तर जखम रोजचीच होती. शीर मोकळी करताना तिचं वरचं आवरण सुटलेलं, वळणावर रक्ताचा प्रवाह सरळ न वाहता भोवरे घेणारा, वरून किडनीच्या आजाराने रक्तातच साठलेलं विष. सरळ, वेगात वाहणारं रक्त आतल्या अस्तराला शांत ठेवतं आणि अस्तर स्नायूपेशींना. भोवऱ्यात ती शांतता मिळत नाही.

नाशिकला नेऊन फुगा फिरवला. शिरेतून बारीक तार, तारेवरून मिटलेला फुगा, आणि मग तो मोठ्या दाबाने फुगवायचा. अर्ध्या तासात आई बाहेर आली आणि हात माझ्यापुढे करून म्हणाली, "लाव कान." घरोट पुन्हा जोरात फिरत होतं. पाचव्या महिन्यात ते परत जड झालं.

तेव्हा मी खचले होते. खचण्याचं कारण मला आता माहीत होतं. फुगा भराव काढत नाही, तो फोडून बाजूला दाबतो. वाट मोकळी करताना भिंत पुन्हा फाटते, प्लेटलेट पुन्हा येतात, पेशीला तोच निरोप पुन्हा मिळतो. हृदयाच्या धमनीत पहिला फुगा आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये फुगवला, आणि पुढची पंचवीस वर्षं हृदयाचे डॉक्टर याच परत येणाऱ्या अरुंदपणाशी झुंजत होते. तिथे मोठा फरक पडला तो सिरोलिमस नावाच्या औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटने. असा पहिला स्टेंट डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये बसवला गेला. ते औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूचं, मॉन्ट्रियलला सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या प्रयोगशाळेत वेगळं केलेलं. कंपनीने ते काम बंद केलं तेव्हा सेहगलांनी नमुना टाकून दिला नाही, घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. प्रयोगशाळेतल्या स्नायूपेशींवर हे औषध घातलं तर त्या विभागणं थांबवतात, आणि पुन्हा आकुंचनाची प्रथिनं बनवू लागतात असंही दिसलंय.

आईच्या दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, या वेळी औषधाचा फुगा वापरू. आधी साध्या फुग्याने वाट मोकळी करायची, मग औषधाचा लेप असलेला फुगा दोन-तीन मिनिटं भिंतीला टेकवून ठेवायचा. औषध पॅक्लिटॅक्सेल, भिंतीच्या चौरस मिलिमीटरमागे दोन ते साडेतीन मायक्रोग्रॅम. फिस्टुलासाठीच्या अशा एका फुग्याची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली होती: सहा महिन्यांनी औषधाच्या फुग्याने ८२ टक्के वाटा मोकळ्या राहिल्या, साध्या फुग्याने ५९. मी होकार दिला. खर्चाचा आकडा ऐकून बाबा बाहेर जाऊन चहा घेऊन आले आणि त्यांनीही दिला.

पॅक्लिटॅक्सेल जनुकांपर्यंत जातच नाही. पेशी विभागताना आणि सरकताना आत बारीक नळ्यांची चौकट उभारते आणि मोडते. हे औषध चौकट मोडू देत नाही. पेशी अडकून पडते. तिला कुणी समजावत नाही, तिचे हात बांधले जातात. तरी फुग्यानंतरचे कळीचे दिवस निघून जातात.

त्या रात्री, नाशिकच्या लॉजवर, या औषधाचा इतिहास वाचत होते. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. सिअ‍ॅटल याच राज्यातलं. ती साल पुढे नॉर्थ कॅरोलायनात पोहोचली. तिथे मन्रो वॉल आणि त्यांचे सहकारी यांनी बारा किलो सालीतून सुमारे अर्धा ग्रॅम औषध वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ते सहकारी मनसुख वाणी. मी त्यांचं जन्मस्थान वाचलं. मग पुन्हा वाचलं. १९२५, नंदुरबार.

आई जागीच होती. मी तिला हलवून सांगितलं, "तुझ्या हातात जे औषध लावलं ना, ते शोधणारा माणूस नंदुरबारचा."

"आपल्या नंदुरबारचा?"

"आपल्याच."

ती उठून बसली. नंदुरबारमधलं कुठलं घर, कुणाचा कोण, काहीच मला सांगता येईना. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेला गेले, तिथेच राहिले, २०२० मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले, एवढं मी सांगितलं. तिने हात जोडले. मग मिरच्यांच्या पथारींबद्दल बोलत राहिली, सगळं शिवार लाल व्हायचं, शाळेत जाताना डोळे चुरचुरायचे, त्यांचेही चुरचुरले असतील. रात्री बारा वाजता आम्ही दोघी त्या माणसाबद्दल घरच्या माणसासारखं बोलत होतो.

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतर काही दिवसांनी देता आलं. तिने पुन्हा विचारलंच, "पण हे भरतंय काय? हे आलं कुठून?" इतके दिवस तिला वाटत होतं की सुयांमधून, मशीनमधून काहीतरी बाहेरचं आत शिरलंय. मी म्हणाले, बाहेरचं काही नाही. तुझीच माणसं आहेत. शिरेभोवती कडं करून उभी होती, जखम झाल्याचा सांगावा आला म्हणून हातातलं काम टाकून धावली, आणि अजून थांबा असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

"मग आता ती कोण झाली?"

याचं उत्तर ओवेन्स यांच्याच प्रयोगशाळेतलं आहे, आणि मी ते आईला सांगण्यासाठीच राखून ठेवलं होतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. मायोसिन या स्नायूच्या आकुंचनाच्या प्रथिनाच्या जनुकावर, या पेशीजातीत, अशी एक खूण असते: एच३ नावाच्या हिस्टोनच्या चौथ्या जागेवरच्या लायसीन या अमिनो आम्लावर दोन मिथाइल गट. पेशी स्नायूचं काम सोडते, मायोसिन बनवणं बंद करते, तिचं रूप इतकं पालटतं की सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाही, तेव्हा जनुक उघडं ठेवणाऱ्या इतर खुणा पुसल्या जातात. ही राहते. २०१३ मध्ये त्यांनी याच खुणेवरून, रूप बदललेल्या पेशी मूळच्या कोण हे ओळखून दाखवलं.

मी आईचा डावा हात उलटा केला आणि तुळशीवर बोट ठेवलं. "हे असं."

ती बघत राहिली. मेल्यावर गोंदण तेवढं आपल्याबरोबर येतं असं आमच्याकडच्या बायका मानतात. दागिने, लुगडी इथेच राहतात. आजीने याच कारणाने ते करून घेतलं होतं, आणि आईने मला लहानपणी ते कारण सांगितलं होतं.

"म्हणजे त्यांना माहीत आहे," आई म्हणाली. मी हो म्हणाले. पेशीला माहीत असतं असं म्हणणं शास्त्राच्या भाषेत बसत नाही, वर्गात मी म्हणू देणार नाही. तिथे मी हो म्हणाले.

औषधाच्या फुग्याला आता सव्वा वर्ष झालं. मधे एकदा डॉपलरवर भिंत थोडी जाड दिसली, डॉक्टर म्हणाले, बघत राहू. शीर चांगली पसरली आहे, तुळशीच्या खालून दोरासारखी वर जाते, त्यामुळे वृंदावनाची चौकट एका बाजूने ताणली गेलीय आणि हिरवी रेघ फिकटली आहे. परवा नवा टेक्निशियन आला होता. फिस्टुला कुठे आहे, थ्रिल कुठे लागतो, हे तो बोटांनी चाचपत होता. आई म्हणाली, "बोट कशाला लावतोस, नुसतं बघ." खिडकीतून ऊन हातावर पडलं होतं. तो वाकून बघायला लागला. कातडीखालच्या थरथरीने तुळशीची पानं हलत होती.